रिओहाचा उन्हाळा

स्पेनच्या उत्तर भागात, एब्रो नदीच्या खोऱ्यात वसलेला रिओहा हा त्या देशातील सर्वांत नावाजलेला वाइनप्रदेश. उत्तरेला सिएरा दे कांताब्रियाची उभी डोंगररांग, दक्षिणेला सिएरा दे ला देमांदाचे पर्वत आणि मधल्या सखल भागात दूरवर पसरलेले द्राक्षमळे, असे त्याचे रूप आहे. 'ला रिओहा' हा स्वायत्त प्रांत आणि 'रिओहा' हा वाइनप्रदेश मात्र एकच नव्हेत. वाइनप्रदेशाची हद्द शेजारच्या आलावा आणि नाव्हारा या भागांतही शिरते. रिओहा आल्ता, रिओहा आलावेसा आणि रिओहा ओरिएंताल असे त्याचे तीन विभाग असून लोग्रोन्यो ही प्रांताची राजधानी आहे.

जून ते ऑगस्ट हा येथील पर्यटनाचा मोठा हंगाम. या काळात द्राक्षतोडणी पाहायला मिळेल, अशी अपेक्षा ठेवून जाणाऱ्याची निराशा होण्याची शक्यता असते. नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारणतः जानेवारी ते मार्च या महिन्यांत होते. रिओहात ती प्रामुख्याने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चालते. उन्हाळ्यात दिसते ती घडांची वाढ. जूनमध्ये वेली फुलोऱ्यावर येतात, तर जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये मण्यांत पाणी उतरून हिरवे घड जांभळे होऊ लागतात. जुन्या मळ्यांत वेलींना तारांचा आधार नसतो. त्या झुडपासारख्या बुटक्या वाढवल्या जातात, म्हणजे घडांवर त्यांच्याच पानांची सावली राहते. उन्हाशी जुळवून घेण्याची ही रीत येथे मळ्यापासून घरापर्यंत सर्वत्र आढळते.

रोगराईतून आलेली भरभराट

रिओहाच्या कीर्तीला फ्रान्समधील एका आपत्तीचा हातभार लागला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने फ्रान्समधील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. वाइनच्या शोधात निघालेले फ्रेंच व्यापारी रिओहात पोहोचले. १८६३ मध्ये आरो या गावी रेल्वे आली होती. पिंपे थेट गाडीत चढवता यावीत म्हणून स्थानकाभोवतीच बोदेगा, म्हणजे वाइननिर्मितीच्या पेढ्या, उभ्या राहिल्या. १८७७ मध्ये स्थापन झालेली लोपेस दे एरेदिया ही पेढी आजही तेथेच आहे. पुढे शतक संपता संपता हीच कीड रिओहातही शिरली आणि येथील मळे नव्याने लावावे लागले. १९२५ मध्ये रिओहाच्या नावाला अधिकृत संरक्षण मिळाले, तर १९९१ मध्ये स्पेनमधील सर्वोच्च दर्जा मिळवणारा हा पहिला वाइनप्रदेश ठरला.

तळघरातील गारवा

टेम्प्रानियो ही येथील प्रमुख काळी द्राक्षजात. तिच्यापासून केलेली वाइन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत मुरवली जाते. 'क्रियान्सा' प्रकारच्या लाल वाइनला किमान दोन वर्षे, 'रेसेर्वा'ला तीन, तर 'ग्रान रेसेर्वा'ला पाच वर्षे थांबावे लागते. उन्हाळ्यात प्रवाशाच्या पेल्यात येते ती वाइन अशा कितीतरी आधीच्या उन्हाळ्याची असते. एवढा काळ ती जपायची, तर वर्षभर एकसारखे तापमान हवे. म्हणूनच येथे जमीन खोदून तळघरे करण्यात आली. लाग्वार्दिया या तटबंदीच्या गावाखाली अशा तळघरांचे जाळेच आहे. त्यांना धक्का पोहोचू नये म्हणून जुन्या गावात मोटारींना मज्जाव आहे. बाहेर पारा तिशीच्या वर असताना या पायऱ्या उतरणे हा वेगळाच अनुभव ठरतो.

काय पाहाल?

२९ जून रोजी आरोजवळच्या बिलिबिओच्या कड्यांवर 'वाइनची लढाई' रंगते. पांढरे कपडे आणि लाल रुमाल घातलेले हजारो लोक प्रार्थनेनंतर एकमेकांना लाल वाइनने भिजवतात. एल्सिएगो येथे फ्रँक गेरी यांनी उभारलेले, टायटॅनियमच्या रंगीत पट्ट्यांचे हॉटेल २००६ मध्ये सुरू झाले. लाग्वार्दियाजवळची सांतियागो कालात्रावा यांची लाटांसारख्या छपराची बोदेगाही पाहण्याजोगी आहे. ब्रिओनेस येथील वाइन-संस्कृती संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

सान मियान दे ला कोगोया येथील सुसो आणि युसो या मठांना १९९७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. येथील एका लॅटिन हस्तलिखिताच्या समासात स्पॅनिशच्या प्राचीन रूपातील आणि बास्क भाषेतील टिपा आढळल्या. सांतियागोच्या यात्रामार्गावरील सांतो दोमिंगो दे ला काल्सादा या गावच्या कॅथेड्रलमध्ये एका आख्यायिकेच्या स्मरणार्थ जिवंत कोंबडा-कोंबडी ठेवण्याची प्रथा आहे. सायंकाळी लोग्रोन्योतील काये लाउरेल ही गल्ली गाठावी. येथे एकाच ठिकाणी न बसता दारोदारी एकेक पदार्थ चाखत पुढे जाण्याची पद्धत आहे.

वाढत्या उन्हाचे सावट

अलीकडच्या वर्षांत या प्रदेशाला उष्णतेच्या लाटांनी ग्रासले आहे. कडक उन्हात द्राक्षांतील साखर झपाट्याने वाढते, आम्लता घटते, आणि वाइनचा तोल बिघडतो. काही वर्षी सखल भागांत तोडणी ऑगस्टमध्येच सुरू करावी लागली. अनेक उत्पादक आता अधिक उंचीवरील थंड जमिनींकडे वळत आहेत. एकेकाळी द्राक्षे नीट पिकणार नाहीत म्हणून नाकारलेली जागाच आता आश्वासक वाटू लागली आहे.

कसे जाल?

भारतीय प्रवाशांना शेंगेन व्हिसा आवश्यक आहे. बिल्बाओ हा जवळचा मोठा विमानतळ असून तेथून लोग्रोन्योला रस्त्याने साधारण दीड ते दोन तास लागतात. खेड्यांमधील बससेवा तुरळक असल्याने मोटार भाड्याने घेणे सोयीचे. मात्र वाइनची चव घेणाऱ्याने वाहन चालवू नये. बोदेगांची भेट आधीच ठरवावी, कारण ऑगस्टमध्ये काही ठिकाणी सुटी असते. मळ्यांतील फेरफटका सकाळी, दुपारी तळघर अथवा विश्रांती, आणि गावातील भटकंती सायंकाळी, असा दिवस आखावा. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपार गमावल्याची खंत वाटत नाही.