सहा व्होल्टचे दोन अर्थ : हायब्रिड बॅटरी घरी तपासण्यामागचा इतिहास

समजा, तुमच्या ओळखीत कुणीतरी जुनी प्रियस घेतली आहे. डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटलाय. कोड वाचणाऱ्या यंत्रावर ‘पी झिरो ए एटी’ आलंय, म्हणजे ‘हायब्रिड बॅटरी बदला’. नव्या बॅटरीची किंमत ऐकून मालक घरी येतो आणि मल्टिमीटर शोधतो. दिघीत हे काही विशेष नाही. आजूबाजूला भोसरी, चाकणच्या कंपन्यांत कामाला जाणारी माणसं राहतात, मीटर कुणाच्या ना कुणाच्या घरात असतोच. मालक २८ मॉड्यूलं एकेक करून मोजतो. सगळी ७.७-७.८ व्होल्ट दाखवतात. मग गाडी खोटं बोलतेय का?

गाडी खोटं बोलत नाही आणि मीटरही नाही. प्रश्न असा आहे की आपण मोजतोय काय आणि समजतोय काय. याचं उत्तर बॅटरीच्या इतिहासात सापडतं, म्हणून आज तिकडून जाऊ.

घरातल्या इन्व्हर्टरपासून सुरू करू. लोडशेडिंगच्या दिवसांत आपल्याकडे घरोघरी शिसे-आम्ल बॅटऱ्या आल्या. त्या आपल्याला परक्या नव्हत्याच, चिंचवडला १९६९ पासून अशा बॅटऱ्यांचा मोठा कारखाना आहे. बॅटरीवाला यायचा, झाकण उघडायचा, काचेच्या नळीत थोडं पाणी ओढायचा आणि तरंगणाऱ्या काट्याकडे बघून सांगायचा, “ग्रॅव्हिटी उतरलीय.” हे तो कशाच्या जोरावर सांगू शकायचा? १८५९ मध्ये गास्तों प्लांते यांनी बनवलेल्या या बॅटरीत आम्ल स्वतः अभिक्रियेत भाग घेतं. बॅटरी रिकामी होत जाते तसं सल्फेट पट्ट्यांवर बसतं आणि द्रव पातळ होतो. भरलेली असेल तर घनता पाण्याच्या साधारण १.२५ पट, रिकामी होत आली की १.१५ च्या खाली. म्हणजे किती चार्ज शिल्लक आहे ते द्रवातच लिहिलेलं असतं. हायड्रोमीटर फक्त ते वाचतो.

आता १८९९ मध्ये या. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी निकेल-कॅडमियम सेल बनवला. पाठोपाठ एडिसन निकेल-लोखंडाच्या मागे लागले. यात द्रव म्हणून पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं आणि ते जवळजवळ जसंच्या तसं राहतं. सेल भरला काय, रिकामा झाला काय, हायड्रोमीटरला पत्ता लागत नाही. त्यात या सेलचं व्होल्टेजही हट्टी: बराच काळ १.२ च्या आसपास सपाट राहतं आणि शेवटी धाडकन कोसळतं. शिसे-आम्लात शिकलेली दोन्ही वाचनं इथे निकामी झाली. उरले दोनच मार्ग. एक, आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट सतत मोजत राहायचा. दोन, सेल पूर्ण रिकामा करून घड्याळ लावायचं. आजवर तिसरा सोपा मार्ग निघालेला नाही, निदान या कुटुंबातल्या सेलसाठी तरी.

हायब्रिड गाडीतली निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी याच कुटुंबातली. तिची गोष्ट तुम्हाला आवडेल, कारण त्यात एक पीएच.डी. प्रबंध आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी आइंडहोव्हनच्या फिलिप्स प्रयोगशाळेत चुंबकीय मिश्रधातूंवर काम चाललं होतं. त्यातून लँथॅनम-निकेल मिश्रधातू हायड्रोजन पोटात घेतो आणि परत देतो, हे लक्षात आलं. मग कॅडमियमऐवजी हाच का नको? वापरून बघितला, पण काही आवर्तनांतच क्षमता घसरायची. हायड्रोजन आत शिरला की धातू फुगायचा, बाहेर पडला की आकसायचा. असं होत होत त्याची पूड व्हायची आणि ताज्या पृष्ठभागावर गंज चढायचा. १९८४ मध्ये विलेम्स या संशोधकाने प्रबंधात दाखवलं की निकेलचा बराच भाग कोबाल्टने बदलला आणि थोडं सिलिकॉन, थोडं निओडिमियम घातलं तर फुगणं कमी होतं आणि सेल टिकतो. नवा सेल शोधणं हा त्या प्रबंधाचा विषयच नव्हता. ‘हा मरतो का?’ एवढाच प्रश्न होता. (विषय निवडताना अडलेल्यांनी हे जरा चघळून बघा.)

१९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस आली, १९९९ मध्ये होंडा इनसाइट. इनसाइटमध्ये टॉर्चच्या मोठ्या सेलएवढे १२० सेल एकामागे एक जोडलेले, एकूण १४४ व्होल्ट, क्षमता ६.५ अँपियर-तास. सेल जास्त टिकावेत म्हणून हायब्रिड गाडी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही आणि पूर्ण रिकामीही करत नाही. प्रियसमध्ये ही खिडकी साधारण ४० ते ८० टक्क्यांची. आयुष्य वाढलं, पण एक अडचण मागच्या दाराने आली. प्रत्येक सेल आपापल्या वेगाने आतल्या आत थोडाथोडा रिकामा होतो. कुणी जास्त, कुणी कमी. सगळे कधीच काठोकाठ भरत नाहीत, त्यामुळे मागे पडलेला मागेच राहतो. गाडीचा संगणक करंट मोजून हिशेब ठेवतो, पण तो हिशेब पूर्ण गटाचा. साखळी मात्र सर्वात रिकाम्या सेलपाशी अडते.

यावर अमेरिकेतल्या इनसाइट मालकांनी घरगुती उपाय काढला: भिंतीवरच्या सॉकेटवर चालणारा, अगदी संथ चार्जर. करंट साधारण ०.३५ अँपियर. इतक्या मंद गतीने चार्ज केलं की आधी भरलेले सेल जास्तीचा चार्ज सहन करतात. त्यांच्यात तयार होणारा ऑक्सिजन दुसऱ्या इलेक्ट्रोडवर जाऊन पुन्हा पाणी होतो, फक्त उष्णता निघते. तेवढ्या वेळात मागे राहिलेले सेल वर येतात. म्हणून अशा चार्जिंगला तासच्या तास लागतात आणि बॅटरीचा पंखा चालू ठेवावाच लागतो. शेवटी शेवटी प्रत्येक सेल १.४५ व्होल्टच्या आसपास जातो, म्हणजे १२० सेलचे मिळून १७४. नावापुरता १४४ व्होल्ट देणारा चार्जर इथे चालणार नाही, हे एका गुणाकाराने कळतं.

‘हायब्रिड घरी चार्ज करणं’ याचा आपल्याकडे वेगळाच अर्थ होता. २०१० मध्ये हिंजवडीच्या केपीआयटीने भारत फोर्जच्या साथीने ‘रेव्होलो’ नावाचं किट मांडलं. जुन्या पेट्रोल-डिझेल गाडीला मोटर आणि बॅटरी जोडायची आणि बॅटरी घरच्या सॉकेटवर चार्ज करायची. तिथे घरचा प्लग इंधन वाचवण्यासाठी होता, इनसाइटवाल्यांचा दुरुस्तीसाठी. वाचताना या दोन गोष्टींची गल्लत करू नका. अशा किटला नियमांत जागा मिळायला २०१६ उजाडलं आणि सामान्य ग्राहकाच्या गाडीपर्यंत रेव्होलो काही पोहोचलं नाही. मला त्याचं वाईट वाटतं. चाललं असतं तर पिंपरी-चिंचवडच्या गॅरेजांत हायब्रिड बॅटरी तपासणारी एक पिढी तयार झाली असती.

आता दिघीतल्या त्या २८ मॉड्यूलांकडे परत येऊ. प्रत्येकात सहा सेल, ७.२ व्होल्ट, ६.५ अँपियर-तास. नुसतं व्होल्टेज बघून एकच गोष्ट कळते: एखादा सेल पूर्ण मेलाय का. तसं असेल तर ते मॉड्यूल इतरांपेक्षा सव्वा व्होल्टने खाली दिसेल. अशक्त सेल मात्र आरामात असताना निरोगीच दिसतो. म्हणून भार लावायचा. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब एका मॉड्यूलला लावला तर तीनेक अँपियर ओढतो. दोन मिनिटांत कोण किती खाली आलं, याची नोंद करा. याहून पक्कं हवं असेल तर १.३ अँपियरने रिकामं करा आणि ६ व्होल्टला थांबा. नव्याला पाच तास लागले पाहिजेत. दोन तासांत आटपलं तर २.६ अँपियर-तास, म्हणजे चाळीस टक्के.

६ व्होल्टच का? सहा सेल, प्रत्येकी १ व्होल्ट, तिथे तळ लागला असं धरतात. पण थांबा. पाच सेल १.२ वर आणि एक शून्यावर असेल तरी बेरीज ६ च येते! पहिल्या मॉड्यूलात सहाही भाऊ सारखेच थकलेत. दुसऱ्यात पाच ताजेतवाने आहेत आणि सहावा संपलाय. तुम्ही तसंच पुढे रिकामं करत राहिलात तर पाचांचा करंट त्या सहाव्याला उलटा चार्ज करेल, आणि ती इजा भरून येत नाही. मीटरवर आकडा मात्र एकच. दोघांत फरक करायचा तर आकडा नाही, आलेख लागतो. दर मिनिटाला नोंद ठेवा. सगळे एकत्र थकले असतील तर रेषा शेवटी उतारासारखी घसरते. एकटा गेला असेल तर मधेच सव्वा व्होल्टची पायरी दिसते आणि पुढे परत सपाटी. ही पायरी दिसली की ६ ची वाट न बघता तिथेच थांबायचं.

सुट्या मॉड्यूलवर, सात-आठ व्होल्टवर, हा प्रयोग तुम्ही करू शकता. ही मॉड्यूलं चार्ज होताना फुगतात, म्हणून दोन पाट्यांत घट्ट आवळून ठेवा. अख्ख्या बॅटरीची गोष्ट वेगळी. ती २०० व्होल्टच्या पुढची डीसी आहे. नारिंगी सर्व्हिस प्लग काढला म्हणजे वीज गेली असं नाही, बॅटरीचे फक्त दोन तुकडे होतात आणि प्रत्येकात धोकादायक व्होल्टेज तसंच असतं. इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरना उतरायला दहा मिनिटं द्यावी लागतात. १००० व्होल्टचे रबरी हातमोजे आणि सोबत दुसरं माणूस नसेल तर झाकण उघडूच नका. डीसीचा ठिणगीपट्टा घरातल्या एसीसारखा आपणहून सहज विझत नाही.

आणखी एक. २०२२ पासून आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या हायब्रिड एकाच जातीच्या नाहीत. इनोव्हा हायक्रॉसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड आहे, ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये लिथियम-आयन. लिथियमच्या सेलमध्ये जास्तीचा ऑक्सिजन पाण्यात परतवणारी ती सोय नाही. संथ करंट असला तरी भरलेला सेल आणखी भरत जातो, आणि पुढे आगीचा धोका. इनसाइटवाल्यांची कृती तिथे लावायचीच नाही. तेव्हा कुणी मीटर घेऊन तुमच्याकडे आलं तर आधी बॅटरीवरचं लेबल वाचायला सांगा.