गणवेश आणि शाळेचे दार

जून उजाडला की म्हापशाच्या बाजारात आईबापांची झुंबड उडते. छत्र्या, दप्तरे, वह्या आणि गणवेश! आमच्या लहानपणी गणवेशाचा एकच जोड असायचा. पावसाची संततधार लागली की रात्री धुतलेली चड्डी सकाळी ओलीच. आई ती चुलीच्या धगीवर धरून सुकवायची आणि मी धुराचा वास घेऊन शाळेत जायचो. एकदा ती सुकलीच नाही. घरातली दुसरी चड्डी घालून गेलो, तर मास्तरांनी दारातूनच परत पाठवले. त्या दिवशी वर्गात भागाकार शिकवला होता, असे मागाहून कळले.

गणवेशामुळे गरीब-श्रीमंत भेद झाकला जातो, असे आपण ऐकत आलो. ते खोटे नाही. पण मंडळी, गणवेशाचा इतिहास थोडा उलटा आहे. १५५२ साली लंडनमध्ये ख्राइस्ट्स हॉस्पिटल ही शाळा गरीब मुलांसाठी स्थापन झाली. निळा लांब झगा आणि पिवळे मोजे हा तिथला वेश. तो घातलेला मुलगा धर्मादायावर शिकतो, हे रस्त्यावरच्या कोणालाही ओळखता यायचे. म्हणजे जो वेश आपण समानतेची खूण मानतो, ती आरंभी दानाची खूण होती.

सरकारी प्राथमिक शाळेत गणवेश नकोच, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद नीट ऐकायचा तर अमेरिकेकडे पाहावे लागते. तिथे ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे सरकारी, फुकट शिकवणारी शाळा, आणि तिथे गणवेशाची रीतच नव्हती. १९८७ मध्ये बाल्टिमोरच्या चेरी हिल प्राथमिक शाळेने तो आणला. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच शहराने आठवीपर्यंतच्या सगळ्याच सरकारी शाळांतून सक्तीचा केला. जानेवारी १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी संसदेपुढच्या वार्षिक भाषणात त्याची भलामण केली. महागड्या जाकिटांपायी पोरे एकमेकांचे जीव घेत होती. ती भीती खरी होती.

विरोधकांचा पहिला मुद्दा पैशाचा. शिक्षण फुकट, पण शाळेच्या दारात शिरायला विशिष्ट कपडे विकत घ्या, हे कसे? १९९४ च्या कॅलिफोर्निया कायद्यातच याचे उत्तर लिहिलेले होते. पालकांना सहा महिने आधी कळवा, गरिबांना मदत द्या, ज्यांना नको त्यांना सूट द्या आणि सूट घेणाऱ्या मुलाला शिक्षा करू नका. तरीही १९९५ मध्ये लाँग बीचच्या गरीब पालकांच्या वतीने नागरी स्वातंत्र्य संघटनेला कोर्टात जावे लागले. सूट आणि मदत कागदावर होती, ती पालकांपर्यंत पोचत नव्हती. अखेर तडजोड झाली. मी स्वतः सरकारी कारकून, तेव्हा कागदावरची सवलत कागदावरच कशी राहते हे मला कोणी सांगायला नको!

दुसरा मुद्दा परिणामाचा. लाँग बीचमध्ये गुन्हे घटले, पण ते गणवेशाने की त्याच सुमारास झालेल्या इतर सुधारणांनी? १९९८ मध्ये ब्रन्स्मा आणि रॉकमोर या अभ्यासकांनी देशभरातील दहावीच्या मुलांची माहिती तपासली. हजेरी, वर्तन किंवा व्यसने, कशावरही गणवेशाचा थेट परिणाम त्यांना आढळला नाही.

तिसरा मुद्दा मुलाच्या मनाचा. व्हिएतनाम युद्धाचा निषेध म्हणून १९६५ मध्ये काही मुले दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली आणि निलंबित झाली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मुलांची बाजू घेतली. पुढे २०११ मध्ये नेवाडा राज्यातील रीनो गावच्या रॉय गॉम प्राथमिक शाळेने गणवेशाच्या शर्टावर ‘उद्याचे नेते’ अशा अर्थाचे दोन शब्द छापले. एका कुटुंबाने आक्षेप घेतला. शब्द चांगलेच होते, मग तक्रार कसली? तक्रार एवढीच की, मुलाच्या अंगावर त्याला न विचारता सरकारने वाक्य का लिहावे? २०१४ आणि पुन्हा २०१७ मध्ये अपील न्यायालयाला हा आक्षेप रास्त वाटला. गणवेश मात्र बेकायदा ठरला नाही. प्रश्न त्यावर छापलेल्या शब्दांचा होता.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे हे कशाला? आज आपल्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठी सरकारी योजनेतून गणवेशाचे दोन जोड मिळण्याची तरतूद आहे, आणि ती चांगलीच आहे. गणवेश काढून टाका असे मीही म्हणत नाही. पण जोड वेळेवर आला नाही, किंवा आला आणि पावसात सुकला नाही, तर त्या मुलाचे त्या दिवशी काय करायचे, हे नियमात पहिल्या ओळीत लिहिलेले असावे. त्याला आत घ्यावे, बसवावे, शिकवावे. कपड्यांचे बोलणे संध्याकाळी त्याच्या आईबापांशी करता येते.

भागाकार मी पुढे शिकलो. पण त्या दिवशी दारातून परत फिरताना वर्गातली सगळी तोंडे माझ्याकडे वळली होती, ती अजून आठवतात.