सिसिलियन बचावाची कुळकथा

पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं सारलं की काळ्यानेही तेच करायचं, अशी बुद्धिबळातली जुनी रीत. इटलीतल्या जुलिओ पोलेरिओच्या १५९४ च्या हस्तलिखितात मात्र वेगळंच उत्तर नोंदलेलं आहे : वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे, सी-५ वर. नंतर या खेळीला सिसिलीचं नाव मिळालं.

मान मिळायला मात्र फार वेळ लागला. प्यादी हाच बुद्धिबळाचा प्राण, असं सांगणाऱ्या फिलिदोरनेच १७७७ मध्ये या बचावाला कमी लेखलं. मला याचं राहून राहून नवल वाटतं, कारण इथे सगळी ताकद प्याद्यांतच आहे. पांढरा वजिरापुढचं प्यादं पुढे काढतो, काळा ते सी प्याद्याने मारतो, पांढऱ्याचा घोडा त्या प्याद्याला मारतो. आता हिशेब करा. काळ्याने बाजूचं प्यादं देऊन मधलं घेतलं. मध्यात त्याची दोन, पांढऱ्याचं एकच.

या दोन प्याद्यांचं मोल १८३४ मध्ये लंडनला दिसलं. ला बुर्दोने आणि मॅकडॉनेल यांच्या चौथ्या सामन्यातला सोळावा डाव. काळी मोहरी घेतलेल्या ला बुर्दोनेने चौथ्याच खेळीला ई-५ केलं आणि मधली प्यादी रेटत नेली. शेवटी त्याची तीन प्यादी डी-२, ई-२, एफ-२ अशी शेजारी शेजारी उभी! मॅकडॉनेलकडे वजीर शिल्लक होता, तरी त्याला डाव सोडावा लागला. इतका देखणा शेवट मी दुसरा पाहिलेला नाही.

तरी एक आक्षेप उरलाच. डी-६ आणि ई-५ वर प्यादी मांडली की डी-५ चं घर राखायला काळ्याकडे प्यादंच उरत नाही. विसाव्या शतकाच्या चाळिशीत बोलेस्लाव्स्कीने दाखवून दिलं की मोहऱ्यांना मोकळीक मिळत असेल, तर हे भोक परवडतं. नायदोर्फ आधी ए-६ करून बी-५ वरची घुसखोरी रोखायचा, मग ई-५. चेल्याबिन्स्कच्या स्वेश्निकोव्हने १९७० च्या दशकात तेवढीही वाट पाहिली नाही. पाचव्याच खेळीला ई-५.

कार्लसनने २०१८ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कारुआनापुढे स्वेश्निकोव्हची हीच पद्धत वापरली. कारुआनाने घोडा थेट डी-५ वर घातला, कार्लसनने तो मारला आणि पांढऱ्याचं ई प्यादं त्या घरात येऊन बसलं. भोक बुजलं. पांढऱ्याची वजिराच्या बाजूला एक प्याद्याची सरशी झाली आणि राजाच्या बाजूला काळ्याची.