पेट्रोलच्या टाकींतील जादू

ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या स्टेशनाबाहेर रिक्षांची रांग लागते, तेथें एक इंग्रजी शब्द कित्येक वर्षांपासून मराठी होऊन बसला आहे. तो शब्द म्हणजे ‘ॲव्हरेज’. शाळेंत सरासरीचें गणित ज्याला कधीं सुटलें नाहीं तोहि आपल्या गाडीचें ॲव्हरेज बिनचूक सांगतो. एका लिटरांत गाडी किती किलोमीटर जाते, या एका आंकड्यावर घरचा बाजार, मुलांची फी आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता अवलंबून असतो. हा आंकडा वाढविण्यासाठीं टाकींत कांहींतरी घालून पाहण्याचा मोह कसा उत्पन्न झाला, याचा इतिहास म्हणूनच हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं.

पेट्रोलची काटकसर या देशाला नवी नाहीं. महायुद्धामुळें १९४१ सालीं पेट्रोलचें रेशनिंग सुरू झालें आणि मोटारींच्या पाठीशीं कोळशाच्या भट्ट्या दिसूं लागल्या. लोणारी कोळसा अर्धवट जाळून निघणाऱ्या वायूवर इंजिन चाले; जोर कमी, काजळी फार, आणि सकाळीं भट्टी पेटवून वाट पाहात बसावें लागे तें निराळेंच! पण त्यांत लपवाछपवी नव्हती. एका इंधनाच्या जागीं उघडउघड दुसरें आलें होतें. चिमूटभर पूड घातली असतां तेंच पेट्रोल अधिक चालेल ही कल्पना अगदीं वेगळी. आणि तिला बळ मिळालें तें एका खऱ्या शोधामुळें.

१९२१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत टॉमस मिजली यांस असें आढळून आलें कीं, शिशाचें एक संयुग अत्यल्प प्रमाणांत पेट्रोलांत मिसळल्यास इंजिनांतील ठोके थांबतात. ठोके थांबले म्हणजे इंजिनांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण अधिक दाबतां येतें, आणि अधिक दाबाचें इंजिन तेवढ्याच पेट्रोलांतून अधिक काम काढतें. लाभ येत होता तो इंजिनाच्या रचनेंतून; शिसें केवळ वाट मोकळी करून देत होतें. हा बारकावा मागें पडला, आणि थेंबभर औषधाची करामत तेवढी लोकांच्या लक्षांत राहिली. त्या थेंबाची किंमतहि जबर होती. १९२४ सालीं तें संयुग बनविणारे कामगार विषबाधेनें दगावले. भारतांत शिशाविरहित पेट्रोल चार महानगरांत १९९५ पासून मिळूं लागलें, आणि सबंध देशांतून शिसें हद्दपार झालें तें २००० च्या फेब्रुवारींत.

औषधी थेंबावरील ही श्रद्धा किती खोल गेली होती तें १९९६ सालीं दिसलें. तामिळनाडूंतील रामर पिल्लै या तरुणानें पाण्यांत वनस्पतींचा पाला उकळून पेट्रोल केल्याचा दावा केला, तेव्हां मोठमोठ्या सरकारी खात्यांनींहि कान टवकारले. पुढें उलगडा झाला तो असा कीं, मिश्रण ढवळण्याची काठी पोकळ होती; तिच्यांत पेट्रोल भरून तोंड मेणानें बंद केलेलें असे. उष्णतेनें मेण वितळे आणि ‘वनस्पतीचें पेट्रोल’ पाण्यावर तरंगूं लागे. २०१६ सालीं चेन्नईच्या न्यायालयानें त्यास तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

रिक्षातळावर एवढें नाट्य नव्हतें. तेथें दोन-स्ट्रोक इंजिनाची रिक्षा होती, आणि त्या इंजिनाची घडणच अशी कीं दर वेळीं पेट्रोलांत थोडें ऑइल मिसळावें लागे. पेट्रोलांत दुसरें कांहीं ओतण्याची संवय हाताला अशी कायदेशीर वाटेनेंच लागली. ऑइलाच्या जोडीला मग डांबरगोळ्या आल्या. कपाटांतल्या या गोळ्या पेट्रोलांत चटकन विरघळतात आणि स्वतः जळतातहि. तेव्हां गाडी अधिक चालेल हा तर्क वरवर पटण्यासारखा आहे. पण थोडी आंकडेमोड करावी. दहा लिटर पेट्रोलांत सुमारें ७७,००० किलोकॅलरी उष्णता असते. चार-चार ग्रॅमच्या दहा गोळ्या टाकल्या तर त्यांतून मिळणार जेमतेम ४०० किलोकॅलरी, म्हणजे शेंकडा अर्धा. लिटरला तीस किलोमीटर जाणारी रिक्षा या हिशेबानें फार तर दीडशे मीटर पुढें जाईल. स्टेशनापासून पहिल्या वळणापर्यंत म्हणा! शिवाय कार्बुरेटरमधलें पेट्रोल उडून गेलें कीं नॅफ्थलीनचे खडे त्याच्या बारीक छिद्रांत बसतात, तें वेगळेंच.

मग अनेकांना फरक दिसला तो कशामुळें? गोळ्या घालणारा त्या दिवसापुरता गाडी जपून हांकतो. कधीं तीन उतारू असतात, कधीं एक; कधीं भर पावसांत उभें राहावें लागतें, कधीं रस्ता मोकळा मिळतो. पंपावर टाकी भरतांना चार बोटें कमीअधिक होतात. या सगळ्यांतून शेंकडा पांच-दहाचा फरक सहज पडतो, आणि त्याचें श्रेय गोळीला मिळतें.

रॉकेलची गोष्ट मात्र भ्रमाची नव्हती. तेथें पैसा खराच वांचत होता. या शतकाच्या पहिल्या दशकांत रेशनचें निळें रॉकेल लिटरला नऊ रुपयांच्या आसपास होतें, तर पेट्रोल पन्नाशीपुढें गेलें होतें. काळ्या बाजारांतहि रॉकेल पेट्रोलपुढें स्वस्तच पडे. रॉकेलमधील उष्णता पेट्रोलहून कमी नसते. परंतु तें जड असल्यामुळें धड वाफ होत नाहीं, अर्धवट जळतें, ठोके देतें, प्लगवर काजळी धरतें. लिटरमागें किलोमीटर वाढत नसत; किलोमीटरमागें रुपये कमी होत, आणि त्यालाच ॲव्हरेज म्हणत. भाड्यानें रिक्षा चालविणारा मालकाला ठरलेली रक्कम देतो. पेट्रोल चालकाचें, पिस्टन मालकाचा. स्टोव्हसाठीं रांगेंत उभ्या राहणाऱ्या बाईच्या वांट्याचें रॉकेल गेलें, आणि निळसर धूर गेला फलाटाच्या पायऱ्या उतरणाऱ्या सर्वांच्या छातींत. चालकाला दोष देणें सोपें आहे. एकाच तेलजातीच्या दोन वस्तूंत पांचपटीहून अधिक अंतर ठेवणाऱ्या किंमतीला दोष देणें अधिक न्यायाचें होईल.

मुंबईंत ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिकांच्या संस्थेनें वाहनांच्या धुराचा प्रश्न उच्च न्यायालयांत नेला, आणि १९९९ च्या अखेरीस परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांची समिती नेमली गेली. १९९५ मध्यें स्थापन झालेल्या महानगर गॅसचें जाळें पुढें ठाणें आणि कल्याण-डोंबिवलीपर्यंत पसरलें. वायूच्या बंद टाकींत रॉकेल ओततां येत नाहीं! भाषणांनीं आणि दंडांनीं जें साधलें नव्हतें तें या एका गोष्टीनें बरेंचसें साधलें.

परंतु भेसळीचा धंदा रिक्षातळावर जन्मला नव्हता. कल्याणहून नाशिकच्या वाटेनें गेलेल्या लोहमार्गावर मनमाड लागतें. जवळच पानेवाडीस तेलकंपन्यांचीं मोठीं कोठारें आहेत. २५ जानेवारी २०११ रोजीं मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या रस्त्यानें जात असतां भेसळीचा प्रकार त्यांच्या दृष्टीस पडला. ते थांबले, आणि तेथेंच त्यांना जिवंत जाळण्यांत आलें. दोन दिवसांनीं राज्यभरच्या सरकारी कर्मचाऱ्यांनीं काम बंद ठेवून निषेध केला.

आतां पेट्रोलांत दुसरें कांहीं मिसळणें हें सरकारी धोरणच झालें आहे. २००३ मध्यें महाराष्ट्रासह कांहीं राज्यांत शेंकडा पांच इथेनॉलपासून आरंभ झाला, आणि २०२५ सालीं तें प्रमाण शेंकडा २० वर गेलें. उसाच्या या राज्याला तें सोयीचें आहे, आयात तेलाचा खर्चहि कमी होतो; पण लिटरमागें इथेनॉलमध्यें पेट्रोलपेक्षां सुमारें एकतृतीयांश उष्णता कमी असते. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांतच जुन्या धर्तीच्या मोटारींस शेंकडा सहा-सात आणि दुचाक्यांस तीन-चार इतकी घट सांगितलेली आहे. डोंबिवलीचा जुन्या स्कूटरचा मालक महिनाअखेर वही उघडतो तेव्हां ॲव्हरेज खरोखरच उतरलेलें दिसतें. आणि या खेपेस टाकींत त्यानें स्वतः कांहींहि घातलेलें नसतें.