कोर्दोबाचे वांग्याचे काप

स्पेनमधल्या कोर्दोबात आधी मेस्किता बघा. आठव्या शतकात पहिल्या अब्द अल-रहमानने सुरू केलेली मशीद. १२३६मध्ये शहर ख्रिस्ती राजाकडे गेलं आणि १५२३पासून खांबांच्या त्या जंगलात, ऐन मध्यावर, कॅथेड्रल उभं राहिलं. मला ते खटकतंच.

मग जेवायला बसा. टोमॅटो-पावाचं गार साल्मोरेखो छानच, पण मी सांगेन बेरेन्खेना मागवा: वांग्याचे तळलेले काप, वर उसाची काकवी. ऊस आणि वांगं दोन्ही तिकडे रुजवले ते अरबांच्या काळात. 'बेरेन्खेना' अरबी 'बादिंजान'वरून आलं, ते फारसीतून, आणि मूळ संस्कृत 'वातिंगण'. आपलं 'वांगं' त्याच कुळातलं! १६०९पासून धर्मांतरित मुसलमानांच्या वंशजांनाही देशाबाहेर हाकललं. शब्द मात्र मेनूकार्डावर आहे. काप गरम असतानाच खा, नंतर मऊ पडतात.