मानेतील गाठ आणि आवाजाचे रक्षण

मानेच्या एका बाजूस हळूहळू वाढणारी, न दुखणारी गाठ दिसू लागली की रोग्याच्या मनात प्रथम क्षयाची किंवा कर्करोगाची शंका येते. क्वचित ती गाठ या दोहोंपैकी कशाचीच नसते. मज्जातंतूच्या आवरणातून निघालेले ते एक सौम्य अर्बुद असते. असे अर्बुद सहसा प्राण घेत नाही. परंतु ते काढताना सावधगिरी न बाळगल्यास रोग्याचा आवाज मात्र जाऊ शकतो.

या अर्बुदाची खरी ओळख पटण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. मज्जातंतूंना वेढून असणाऱ्या पेशींचे वर्णन थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने १८३९ च्या सुमारास केले. १८८२ साली फोन रेक्लिंगहाउझेन यांनी त्वचेवरील अनेक गाठींचा संबंध मज्जातंतूंशी जोडून दाखविला. १९१० साली प्राग येथील वेरोकाय यांनी आवरणाच्या पेशींपासून होणारे अर्बुद वेगळे ओळखले. पुढे १९३२ मध्ये मासोन यांनी त्याला ‘श्वानोमा’ म्हटले, तर १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टाउट यांनी ‘न्यूरिलेमोमा’ हे नाव योजिले.

हा केवळ नावांचा वाद नव्हता. अर्बुद आवरणाच्या पेशींचे असल्याने मूळ तंतू बहुधा त्याच्या गाभ्यातून जात नाहीत. ते बाजूला सारले जाऊन त्याच्या वेष्टणावर पसरतात. म्हणजेच गाठ काढूनही मज्जातंतू राखता येण्याची आशा असते.

निदानाचा आरंभ बोटांनीच होतो. अशी गाठ बहुधा आडवी हलते, वर-खाली हलत नाही. ती दाबताच खोकल्याची उबळ आली, तर ‘व्हेगस’ या दहाव्या मस्तिष्कतंतूचा संशय येतो. पापणी झुकली आणि बाहुली लहान झाली, तर अनुकंपी तंतूंच्या साखळीकडे लक्ष वळते. हे लक्षण हॉर्नर यांनी १८६९ साली वर्णिले होते. मानेतील मोठ्या रोहिणीजवळ होणारी एक रक्ताळ गाठही अशीच भासते. म्हणून सुई घालण्यापूर्वी चित्र पाहणे श्रेयस्कर. १९७१ साली लंडनमध्ये सी. टी. स्कॅनचा उपयोग सुरू झाला, नंतर एम. आर. आय. आले, आणि हे काम सुकर झाले. व्हेगसचे अर्बुद बहुधा रोहिणी व नीला यांच्यामध्ये शिरून त्यांना दूर सारते. ही खूण चित्रात दिसते.

गाठीबरोबर मज्जातंतूचा तुकडाही कापला, तर घोगरा आवाज आणि पाणी पिताना ठसका रोग्याच्या वाट्यास येतो. यास्तव शल्यविशारद वेष्टणावर तंतू नसलेली जागा शोधतात, तंतूंच्या दिशेने उभा छेद घेतात आणि शेंगेतून दाणा काढावा तशी गाठ सोडवितात. तंतू कोठे आहेत हे सूक्ष्म विद्युत्प्रवाहाने पडताळता येते. एवढे करूनही काही काळ आवाज क्षीण होऊ शकतो, आणि कधी तो दोष कायमचाही राहतो. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यास हे सांगणे वैद्याचे कर्तव्य होय. वृद्धास त्रास नसेल आणि निदान निश्चित असेल, तर नुसती देखरेखही पुरते.

पेशी कोठली, हा प्रश्न सूक्ष्मदर्शकाखाली निघाला. त्याचे उत्तर रोग्याच्या कंठाच्या उपयोगी पडले.