राज्यघटनेचे शालेय अध्यापन : जपानमधील १९४७ च्या एका पाठ्यपुस्तकाचा विचार

राज्यघटनेचा परिचय शालेय वयातच करून द्यावा, याविषयी आधुनिक राष्ट्रांत फारसा मतभेद आढळत नाही. तो कोणी करून द्यावा व कोणाच्या अधिकाराने, या प्रश्नाकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये हा प्रश्न एका लहानशा पाठ्यपुस्तकाच्या निमित्ताने उपस्थित झाला.

त्याची पार्श्वभूमी प्रथम पाहिली पाहिजे. १८८९ ची मेइजी राज्यघटना ही सम्राटाने प्रजेस दिलेली देणगी होती. पुढच्याच वर्षी शिक्षणविषयक राजादेश निघाला. राजनिष्ठा व पितृभक्ती हे शिक्षणाचे अधिष्ठान त्यात सांगितले होते. शाळेतील समारंभांत त्याचे विधिपूर्वक वाचन होई आणि विद्यार्थी तो मुखोद्गत करीत. १९०४ पासून प्राथमिक शाळांत शिक्षणखात्याने स्वतः तयार केलेली पुस्तके सुरू झाली. नीतिशिक्षणाचा 'शूशिन' हा विषय या सर्व व्यवस्थेच्या केंद्रस्थानी होता. १९४५ च्या पराभवानंतर त्याच खात्याच्या सूचनेवरून विद्यार्थ्यांनी आपल्या पुस्तकांतील युद्धप्रशंसापर ओळींवर शाईचा कुंचला फिरविला. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबर रोजी व्यापक सैन्याच्या, म्हणजे दोस्त राष्ट्रांच्या कब्जेदार सत्तेच्या हुकुमाने नीतिशिक्षण, इतिहास व भूगोल या विषयांचे अध्यापन स्थगित करण्यात आले.

नवी राज्यघटना ३ नोव्हेंबर १९४६ रोजी प्रसिद्ध झाली व ३ मे १९४७ रोजी अंमलात आली. त्याच वर्षी तीन वर्षांच्या कनिष्ठ माध्यमिक शाळा सुरू झाल्या आणि समाजशास्त्र हा नवा विषय अभ्यासक्रमात आला. या शाळांतील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी शिक्षणखात्याने ऑगस्ट १९४७ मध्ये 'आताराशीइ केम्पो नो हानाशी', म्हणजे 'नव्या राज्यघटनेची गोष्ट', हे पुस्तक काढले. त्याची १५ प्रकरणे आहेत. लोकशाही, आंतरराष्ट्रीय शांतता व जनतेचे सार्वभौमत्व या तत्त्वांचे विवेचन प्रथम येते. संसद, मंत्रिमंडळ, न्यायसंस्था इत्यादींचे वर्णन नंतर येते. मुलांना उद्देशून केलेली त्याची सरळ, आपुलकीची भाषा पूर्वीच्या राजादेशाच्या दुर्बोध भाषेहून सर्वस्वी भिन्न आहे. युद्धत्यागाच्या प्रकरणातील चित्र तर पुढे फार प्रसिद्ध पावले. 'युद्धत्याग' अशी अक्षरे लिहिलेल्या एका प्रचंड कढईत विमाने व शस्त्रास्त्रे वितळत आहेत आणि तिच्या तळातून आगगाडी, जहाज व इमारती बाहेर पडत आहेत, असे ते चित्र आहे.

तथापि या पुस्तकाच्या मर्यादाही तितक्याच बोधप्रद आहेत. राज्यघटना जपानी जनतेनेच निर्माण केली, असे ते सांगते. तिचा मूळ मसुदा फेब्रुवारी १९४६ मध्ये जनरल मॅकार्थर यांच्या मुख्यालयात तयार झाला होता; परंतु त्याचा उल्लेख करण्यास तत्कालीन नियंत्रणाखाली वृत्तपत्रांनाही मनाई होती. सम्राटाविषयीच्या प्रकरणात तर जुन्या श्रद्धेचा सूर अजून ऐकू येतो. सार्वभौम जनतेने सम्राटाला आपल्या मध्यभागी ठेवून राज्यकारभाराचे क्लेश त्याला होऊ देऊ नयेत, असा तेथील आशय आहे. याहून महत्त्वाची गोष्ट अध्यापनाच्या पद्धतीची आहे. ज्या खात्याने राजनिष्ठा शिकविली त्याच खात्याने आता लोकसत्ता शिकविली, आणि तीही एकमेव अधिकृत पुस्तकाच्या द्वारे. आशय पालटला, परंतु सत्य काय ते शासनाने सांगावयाचे ही पद्धत पालटली नाही.

या विसंगतीचा परिणाम लवकरच दिसून आला. जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले. ऑगस्टमध्ये जपानात राष्ट्रीय पोलीस राखीव दलाची स्थापना झाली. त्याच वर्षी या पुस्तकाचे स्थान पूरक वाचनापुरते उरले आणि थोड्याच काळात ते शाळांतून नाहीसे झाले. केवळ कालसामीप्यावरून येथे कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. शासनमान्य परंतु खाजगी प्रकाशकांची पाठ्यपुस्तके १९४९ पासून वापरात येऊ लागली होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. एवढे मात्र निश्चित की, जे पुस्तक केवळ खात्याच्या इच्छेने शाळेत आले, त्याला खात्याची इच्छा पालटल्यावर कोणताही आधार उरला नाही.

पुढील संघर्ष या मान्यतापद्धतीविषयीच झाला. इतिहासकार इएनागा साबुरो हे १९४६ च्या 'कुनी नो आयुमी' या शासकीय इतिहासपुस्तकाचे एक लेखक होते. त्यांनीच १९६५ मध्ये पाठ्यपुस्तक-तपासणीच्या पद्धतीविरुद्ध शासनावर दावा लावला. अभिव्यक्तिस्वातंत्र्य व विद्याविषयक स्वातंत्र्य देणाऱ्या राज्यघटनेच्या कलमांचाच त्यांनी आधार घेतला. त्यांच्या तीन दाव्यांचा शेवट १९९७ मध्ये झाला. सर्वोच्च न्यायालयाने तपासणीची पद्धत घटनाबाह्य ठरविली नाही. परंतु खात्याने केलेली काही विशिष्ट फेरफारांची सक्ती बेकायदेशीर ठरविली.

१९४७ च्या पुस्तकाचे ऐतिहासिक मूल्य या पुढच्या घटनांच्या प्रकाशात ठरविले पाहिजे. शासनाच्या सत्तेलाही मर्यादा आहे, हे त्याने मुलांना सांगितले. परंतु ती मर्यादा स्वतः शिक्षणखात्यासही लागू आहे काय, हा प्रश्न त्या पुस्तकाने विचारला नाही. तो विचारण्यासाठी एका अध्यापकाला न्यायालयात जावे लागले, आणि निर्णयास ३२ वर्षे लागली. राज्यघटनेच्या अध्यापनाचा विचार करताना पाठ्यपुस्तकातील आशयाइतकेच, ते पुस्तक ज्या अधिकाराने वर्गात येते त्या अधिकाराचेही परीक्षण आवश्यक ठरते, ते यामुळेच.